वीस हजारांश

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे व्हर्ना सांगेल, आणि ती सांगते तेव्हा मीठमसाला लावून सांगते. व्हर्ना म्हणजे माझी बायको. पंचेचाळीस वर्षं माझ्याबरोबर काढली तिने, तेव्हा तेवढा हक्क तिला आहेच.

त्या रविवारी सकाळी साडेआठला मी तळघरात माझ्या टेबलाशी बसलो होतो. शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. माँटानातला निम्मा माणूस त्या दिवशी डोंगरात असतो आणि उरलेला निम्मा चर्चमध्ये. मी दोन्हीकडे नव्हतो. गुडघ्याने दोन वर्षांपूर्वी डोंगर बंद केला होता आणि चर्च मी स्वतःच बंद केलं होतं. वर व्हर्ना कपडे करत होती, तिच्या टाचांचा आवाज माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होता. मी सहज टेबल आवरायला घेतलं.

माझं टेबल म्हणजे नुसतं टेबल नाही. रेल्वेच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं लेथ चालवला, आणि निवृत्त झालो तेव्हा तो लेथ सोडून बाकी सगळी शिस्त घरी घेऊन आलो. आमच्या घरात दुकानातलं काडतूस चाळीस वर्षांत आलेलं नाही. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, साच्यात दाबून पुन्हा मूळ आकारात आणायच्या, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी बसवायची. यात सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे लांबी. पितळ नरम असतं. दर वेळी बार उडाला की ते पुंगळीच्या मानेकडे सरकतं, साच्यात दाबलं की आणखी सरकतं, आणि पुंगळी लांबत जाते. म्हणून प्रत्येक पुंगळी मोजायची, आणि लांब असेल तर तोंडाशी तासून मापात आणायची. आळस केला तर पुंगळीचं तोंड नळीतल्या काडतुसाच्या घराच्या टोकाला जाऊन टेकतं, तिथे दबतं आणि गोळीला आवळून धरतं. मग चाप ओढला की गोळीला सुटायला वाट मिळत नाही आणि दाब वाढत जातो. तो दाब मागे येतो. मागे म्हणजे जिथे माणसाचा चेहरा असतो तिथे.

हे मी निदान शंभर जणांना शिकवलं असेल. बोट नाचवून, आवाज चढवून शिकवलं.

तर त्या सकाळी मी लांबी मोजायचा व्हर्नियर उचलला. आकडे दाखवणारा, बॅटरीवरचा. फडक्याने पुसला, जबडा उघडला, आणि आतून काहीतरी चमकून माझ्या बाहीवर पडलं. पितळेचा कीस. पुंगळी तासताना जो वेटोळं होऊन पडतो, त्याचा नखाएवढा तुकडा. जबड्याच्या मुळाशी चपटा होऊन बसला होता. मी तो झटकला, जबडा मिटला आणि आकडा पाहिला.

शून्य यायला हवं होतं. आलं, उणे वीस हजारांश इंच.

मी परत उघडला, पुसला, मिटला. उणे वीस. तिसऱ्यांदाही तेच. बुधवार आठवला मला. थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस, घरात व्हर्नाची बहीण आणि तिचा सगळा गोतावळा, वरून माझ्या नावाचा पुकारा, बटाटे सोलायला ये म्हणून. नेमकी तेव्हाच व्हर्नियरची बॅटरी संपली. नवी घातली की जबडा मिटून शून्याचं बटण दाबायचं असतं. मी चिडलेलोच होतो. जबडा खाडकन मिटला, बटण दाबलं, आणि कामाला लागलो. तो कीस तेव्हाच आत होता. म्हणजे त्यानंतर मी जे जे मोजलं, ते खरं होतं त्यापेक्षा वीस हजारांश कमी दिसलं. आणि त्या कमी दिसणाऱ्या आकड्यावर मी तासणीचं यंत्र बसवलं.

एकवीस पुंगळ्या तासल्या होत्या त्या दिवशी. एकविसावीचं तोंड चेपलेलं होतं म्हणून ती न भरता बाजूला टाकली होती. ती डब्यातून शोधून काढली, आणि आता खऱ्या शून्यावरून मोजली. दोन इंच आणि वर पाचशे चार हजारांश. असायला हवी होती चारशे चौऱ्याऐंशी. चारशे चौऱ्याण्णवच्या वर एक हजारांशही चालत नाही.

त्या वीस भरलेल्या काडतुसांचा डबा पहाटे चार वाजता माझी मुलगी घेऊन गेली होती.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. गुडघा दुखला नाही एवढं आठवतं.

"व्हर्ना, मॅरिट कुठे गेलीय?"

व्हर्ना आरशासमोर कानात डूल घालत होती. "कुठे म्हणजे? एल्कच्या शिकारीला. पहाटे तूच तिची कॉफी भरून दिलीस ना? डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोंगरात कुठे ते विचारतोय!"

"एल्बोच्या ओढ्यावर. फाटकाशी गाडी लावते म्हणाली." ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "काय रे? तोंड असं का पांढरं पडलंय?"

"गाडीची चावी दे."

"आधी सांग काय झालं ते."

"चावी दे म्हटलं ना!"

"ओरडू नकोस, ओरिन. हात बघ तुझे. या हातांनी तू फाटकापर्यंतही जायचा नाहीस." तिने चर्चच्या कपड्यांवरच कोट चढवला आणि माझं नारिंगी जाकीट माझ्या हातात कोंबलं. "मी चालवते. तू बोल."

मी फोन लावत होतो. त्या ओढ्यावर फोन लागत नाही हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. तरी लावत होतो. बाईचा आवाज सांगत होता, संपर्क होऊ शकत नाही. मी संदेश लिहिला, बार उडवू नकोस. तो गेलाच नाही, पडद्यावर नुसता फिरत राहिला.

पस्तीस मैल. त्यातले वीस खडीचे, वर बर्फ, बर्फाखाली बर्फाचीच काच झालेली. व्हर्ना चर्चचे बूट घालून गाडी हाकत होती आणि मी तिला सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, "वीस हजारांश म्हणजे किती? माणसांच्या भाषेत सांग."

"डोक्याचे सहा-सात केस एकावर एक ठेव. तेवढं."

"सात केस? सात केसांनी माणूस मरतो?"

"दुसऱ्या बंदुकीत नसता मेला कदाचित. बाजारातल्या बंदुकीत घर जरा सैल ठेवतात. सात केस खपूनही जातील."

"मग?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सांगणं जिवावर आलं होतं. "ही बंदूक आपल्या बंदूकवाल्या अॅक्सेलने हाताने बनवलीय. मी त्याच्या मागे लागलो होतो, घर घट्ट ठेव म्हणून. अगदी मापाला चिकटून. नेम पक्का लागतो त्याने. तो म्हणाला होता, ओरिन, यात चुकायला जागा राहत नाही. मी म्हटलं, मी चुकत नाही."

व्हर्नाने गाडीचा वेग वाढवला. एरवी एवढ्यावर तिने मला सोलून काढलं असतं.

मग तीच म्हणाली, "पण मग काडतूस आत ढकलायचा बोल्ट बसणारच नाही ना नीट? घट्ट जाईल. मॅरिट काय लहान आहे? तिला कळेल."

"कळलं असतं."

"असतं म्हणजे?"

"मीच तिला शिकवलंय. ही बंदूक थंडीत अडून बसते, लाड करायचे नाहीत, बोल्टवर तळव्याने ठोसा द्यायचा. बाराव्या वर्षापासून शिकवतोय."

तेवढ्यात लांब कुठेतरी बार झाला. डोंगरातून आवाज घुमत आला आणि विरला. हंगामाचा शेवटचा दिवस, प्रत्येक दरीत माणसं, आणि दर दहा मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा बार. प्रत्येक बाराला मी तिला मारत होतो. प्रत्येक वेळी तिचा चेहरा दिसायचा मला, आणि मग मी स्वतःला सांगायचो, हा पश्चिमेकडून आला, हा तिचा नाही. मग पुढचा व्हायचा.

"काल विचारलं होतं तिने," व्हर्ना रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली. "मी ऐकत होते स्वयंपाकघरातून."

विचारलं होतं खरं. डबा हातात दिला तेव्हा मॅरिट म्हणाली, "बाबा, यातलं एखादं बंदुकीत घालून बघितलंस का?" साधा प्रश्न होता, आणि रास्त होता. भरलेलं काडतूस एकदा त्याच बंदुकीत घालून, बसतंय का बघून काढायचं, हा माझाच नियम. घरात भरलेली बंदूक हाताळायची नाही हा व्हर्नाचा नियम, म्हणून त्यासाठी मी कोठारात जातो. बुधवारी कोठारापर्यंतची वाट गोठली होती आणि गुडघा ठणकत होता. मी गेलो नव्हतो. नाही म्हणायची लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, "रेल्वेची इंजिनं माझ्या मापावर धावली, आणि शाळेची बस चालवणारी पोरगी मला तपासायला निघालीय! विश्वास नसेल तर दुकानातून आण. नाहीतर घरी बस आणि विणकाम कर." अडतीस वर्षांच्या बाईला म्हटलं हे. व्हर्नाच्या बहिणीसमोर. मॅरिट हसली, डबा पिशवीत टाकला आणि विषय बदलला. तिचं ते हसणं मला नेहमी समजूतदारपणाचं वाटायचं.

फाटकाशी तिची गाडी उभी होती. टपावर दहिवर गोठलं होतं. फाटकाच्या पुढे गाडी नेता येत नाही, जंगलखात्याचं कुलूप असतं. तिच्या बुटांचे ठसे कुलपाच्या बाजूने वर गेले होते, स्वच्छ, एका रेषेत. व्हर्नाने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

पलीकडे उभ्या असलेल्या गाडीतून एक लठ्ठ माणूस उतरला. नारिंगी जाकीट, हातात सँडविच, तोंड लाल. "अहो बाई! वेड लागलंय का? शेवटचा दिवस आहे हंगामाचा. एल्क सगळे कॅनडात पळवून लावता काय?"

"गप बस!" व्हर्ना हॉर्न दाबून धरूनच ओरडली. "माझी मुलगी वर आहे, आणि तिच्या बंदुकीत फुटणारं काडतूस आहे. एल्कची कसली काळजी करतोस, मेल्या?"

त्याने सँडविच खाली केलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या वयाकडे, माझ्या पायाकडे. "एकटीच बाई गेलीय ती? उंच? भुरक्या वेणीची?"

"हो. दिसली?"

"दिसली पहाटे." तो अडखळला. "आत्ता पंधरा-वीस मिनिटांपूर्वी त्या बाजूला एक बार झाला, काका. एकच. आवाज जरा..." त्याने हाताने काहीतरी केलं आणि वाक्य सोडून दिलं.

"जरा काय?"

"जरा वेगळा होता. पण लांबून काय कळतंय म्हणा."

मी निघालो. व्हर्ना मागून काहीतरी म्हणाली, काठी घे म्हणाली असेल. तो माणूस काही वेळ माझ्याबरोबर चालला, मग मी त्याला परत पाठवलं, खाली जाऊन फोन लागेल तिथून मदत बोलव म्हणून. वर चढाला मी एकटाच होतो. बर्फ नडगीपर्यंत होता. मी तिच्या ठशांत पाय टाकत होतो. तिची ढांग माझ्यापेक्षा मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. दहा पावलांनी श्वास संपायचा, मी थांबायचो, थांबलो म्हणून स्वतःला शिव्या घालायचो आणि पुन्हा दहा पावलं जायचो.

मी हाका मारत होतो. डोंगरात तोंड उघडायचं नाही, शिंकही दाबायची, असं मी तिला शिकवलं होतं. लहानपणी एकदा ती फांदीवरची खार बघून हसली होती, तर मी तिला दिवसभर गाडीत बसवून ठेवलं होतं. आता मीच म्हातारा गळा फाडून तिचं नाव घेत होतो. उत्तर येत नव्हतं. मग मी देवाशी बोलायला लागलो. इतक्या वर्षांनी बोलायचं म्हणजे आधी काही चौकशी तरी करावी, पण मी थेट मागायलाच सुरुवात केली. तिला जिवंत ठेव. हात जाऊ दे, डोळे जाऊ देत, तिला ठेव. मग वाटलं, मी हे काय देऊन टाकतोय? हात तिचा आहे, डोळे तिचे आहेत. माझं घे म्हटलं. पण माझ्यापाशी देण्यासारखं काय उरलं होतं? एक गुडघा, तोही दुखरा.

दुसऱ्या वळणानंतर ठसे दोन झाले. एक वर जाणारे, सरळ. दुसरे खाली येणारे, वेडेवाकडे, वाटेच्या कडेला जाऊन झुडपात शिरलेले आणि परत आलेले. खाली येणाऱ्या ठशांच्या बाजूला बर्फात लाल थेंब होते. थोडं पुढे ते ठसे वाटेवरून घसरून ओढ्याकडे उतरले होते. मी बसूनच घसरत ओढ्यात गेलो.

ती एका ओंडक्याला पाठ लावून बसली होती. टोपी नव्हती. गळपट्टा चेहऱ्यावर दाबून धरला होता आणि तो पार भिजला होता.

"मॅरिट!"

"बाबा?" तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण माझ्या डाव्या बाजूला बघितलं. "तू इथे कसा आलास? गुडघा..."

ती बोलली. ती जिवंत होती. मी तिच्या समोर गुडघ्यांवर पडलो आणि रडलो, अगदी आवाज काढून रडलो. बापाच्या मयतालाही रडलो नव्हतो असा. ती मला म्हणाली, "अरे, शांत हो, शांत हो."

"हात काढ. बघू दे मला."

"नको काढायला लावूस. उजव्याने काहीच दिसत नाहीये. डाव्याने उजेड कळतो, तुझं नारिंगी जाकीट कळतंय. गालात काहीतरी रुतलंय." मग ती म्हणाली, "बाबा, बंदूक वर राहिली. बोल्ट उघडतच नाही. दस्त्याला चीर गेलीय. सॉरी."

त्या अवस्थेत ती मला बंदुकीबद्दल सॉरी म्हणाली.

मी तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही उतरायला लागलो. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. आता काही लपवायचं नाही असं ठरवून सांगितलं. बॅटरी, शून्य, कीस, उणे वीस. तो कीस किती बारीक होता, कसा नेमका जबड्याच्या मुळाशी होता, बटाट्यांसाठी मला कशा हाका मारत होते, अशा वेळी कोणाच्याही लक्षात आलं नसतं. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की मी कबुली देतोय असं मला वाटत होतं, पण तोंडातून निघत होती ती वकिली. तरी मला थांबता येईना. ती ऐकत होती. मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. एका ठिकाणी पाय घसरला तेव्हा तिने माझी बाही घट्ट धरली, आणि मग सोडली.

फाटकाशी व्हर्ना होती. तिने किंकाळी फोडली नाही. मॅरिटचा गळपट्टा अलगद बाजूला करून एकदाच बघितलं, आणि चर्चला जायचा आपला पांढरा रुमाल घडी करून त्या डोळ्यावर ठेवला. लठ्ठ माणूस फोन करून परत आला होता. रुग्णवाहिका यायला दीड तास, तेवढ्यात तुम्ही निम्मी वाट कापाल, असं म्हणाला. त्याने मॅरिटला उचलून मागच्या सीटवर बसवलं, आपलं घोंगडं तिच्या पायांवर टाकलं, आणि बाजूला झाला.

ग्रेट फॉल्सचं मोठं इस्पितळ ऐंशी मैल. व्हर्ना पुढे, मी मागे मॅरिटला टेकवून घेऊन. हिटर पूर्ण सोडला होता तरी ती थरथरत होती. मी सांगत होतो, डॉक्टर चांगले असतात तिथे, हल्ली डोळ्यांचं काहीही करतात, दोन महिन्यांत तू बसवर असशील. व्हर्ना म्हणाली, "ओरिन, तिला जरा निवांत राहू दे." रस्ता डांबरी लागला तशी गाडीतली आदळआपट थांबली.

मग मॅरिटच बोलली. डोळ्यांवर रुमाल, मान माझ्या खांद्याशी.

"बाबा, मला पहिल्यालाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"काडतूस लांब आहे ते. थंडीने बोल्ट अडतो तो असा नाही अडत. थंडीने सुरुवातीपासून जड जातो. हा शेवटपर्यंत सहज गेला आणि अगदी टोकाला अडला. मी ते काढून बघितलं. तोंडाशी पितळ घासून चकचकीत झालं होतं, गोल. तूच दाखवली होतीस ती खूण एकदा."

"मग?"

"मग दुसरं घातलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. सात घालून बघितली मी. ओंडक्यावर मांडून बसले होते, उजाडायच्या आधी, टॉर्च तोंडात धरून. सातही तशीच. म्हटलं, बाबाचं काहीतरी चुकलंय. चल, परत जाऊ."

पुढच्या सीटवर व्हर्नाने गाडीचा वेग थोडा कमी केला होता. तिला ऐकायचं होतं.

"मग आली का नाहीस?" मी म्हटलं. आवाज हळू ठेवला होता मी.

"निघाले होते. पिशवी पाठीवर घेतली होती. मग म्हटलं, साडेसातला घरी पोचेन. तू स्वयंपाकघरात असशील. मी डबा टेबलावर ठेवेन, तू म्हणशील, काय झालं. आणि मग मी सांगेन." ती थांबली. श्वास घेताना तिच्या घशात कुरकुर होत होती. "ते सांगणं मी तिथेच येरझारा घालत किती वेळा बोलून बघितलं, माहितीये? असं सांगितलं तर तू काय म्हणशील, तसं सांगितलं तर काय म्हणशील. आणि मावशी अजून घरात. मला जमेचना ते, परत ओंडक्यावर बसले. मग तो एल्क समोर आला, नऊ वाजून गेल्यावर. म्हटलं, एकच बार. ठोसा दिला बोल्टला. म्हटलं, एकाने काय होणार आहे?"

माझ्या सगळ्या अंगातून काहीतरी वर आलं. राग आला मला. अशाही वेळी, तिच्या रक्ताने माझं जाकीट भिजलेलं असताना, तो आला. वेडी आहेस का तू? सात काडतुसं घालून बघितलीस, खूण ओळखलीस, आणि तरी? जीव मोठा की माझं बोलणं? अडतीस वर्षांची घोडी झालीस, बापाच्या चार शब्दांना घाबरतेस? सगळं वाक्य जिभेवर तयार होतं, चढत्या आवाजासकट. मी श्वास आत घेतला.

आणि माझ्या खांद्याला टेकलेला तिचा खांदा आखडला. मान आत ओढली गेली, हनुवटी छातीकडे आली. तिला दिसत काहीच नव्हतं. माझा नुसता श्वास ऐकून तिने स्वतःला आवरून घेतलं होतं, कोणी हात उगारल्यावर माणूस घेतो तसं.

मी तोंड मिटलं. श्वास हळूहळू बाहेर सोडला, तिला ऐकू जाईल असा. व्हर्ना आरशातून माझ्याकडे बघत होती, मग तिने नजर रस्त्यावर नेली. एक मैल गेला, दोन गेले, दहा गेले. मॅरिटचा खांदा मात्र तसाच आखडलेला होता, आणि ग्रेट फॉल्सची घरं दिसेपर्यंत तो सैल पडला नाही.